मधल्या बोटाचा सूर

सिंदेवाही
२१ जुलै २०२४

रिंकू,

तुझा पत्ता अंकुशभाऊजींकडून घेतला. तुझ्या काकांना वाटलं, मला तुझ्याकडे साडी पाठवायची आहे. मी तसंच वाटू दिलं. फोन केला असता, पण आपल्या दोघींचा फोन कसा होतो ते तुला ठाऊक आहे. तू "हं" म्हणतेस, मी "हो का" म्हणते, मग तुझ्याकडे कुकरची शिट्टी होते आणि दोघींचीही सुटका होते. कागदावर निदान शिट्टी नाही.

आधी आभार मानते. चंद्रपूरच्या दवाखान्यात तू आलीस. बाबांच्या पायाशी उभी राहिलीस, चादर सारखी केलीस, आणि निघताना केळी माझ्या हातात ठेवून म्हणालीस, "तुमी खाल्लं नसंल." त्या दिवसभरात सगळ्यांनी त्यांचं विचारलं. माझं फक्त तू विचारलंस. मी तेव्हा काही बोलले नाही, कारण तोंड उघडलं असतं तर रडले असते, आणि तू भद्रावतीहून बस पकडून आली होतीस ती माझं रडणं बघायला नव्हे.

ते घरी आले आहेत. बोलणं नीट आहे, जरा सावकाश. भिंतीला धरून अंगणापर्यंत जातात. लकव्याने गेलेला डावा हात मात्र आला नाही. मांडीवर ठेवला तर ठेवला तिथेच राहतो. धानाची रोवणी अंकुशभाऊजींनी करून घेतली. तुझे बाबा बांधीकडे, शेताकडे पाहतही नाहीत. आधी भात जरा मऊ झाला तरी ओरडायचे; आता काहीही वाढलं तरी खातात. रागावत नाहीत, याचीच मला भीती वाटते.

परवा पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं. म्हणाले, "बेंजो आन."

मी आणला. खाटेवर आडवा ठेवला. इतकी वर्षं तो घरात वाजतो, पण मी तो नीट पाहिला परवाच. उजव्या हाताने नखी मारायची, डाव्या हाताने टाइपरायटरसारख्या कळा दाबायच्या. म्हणजे एक हात गेला की अर्धा बेंजो गेला. त्यांनी उजव्या हाताने नुसत्या तारा छेडल्या. घरभर झणझण झाली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "उर्वशी, तू दाब. ते संध्याकाळचं."

मी विचारलं, "कोणती कळ दाबू?"

त्यांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. म्हणाले, "मले नाई माहीत. बोटाले माहीत होतं. माह्या मधल्या बोटात होतं ते."

भजनाच्या चाली त्यांना सुरांच्या नावांनी सांगता येतात. पण हे एकच असं आहे की त्यांनी कधी नावं घेऊन वाजवलंच नाही. ते तुझ्या आईचं गाणं आहे, हे लग्नानंतर मला तुझ्या मावशीने, गुणाबाईंनी सांगितलं. प्राणहिता नदीच्या काठी जाळं विणताना बायका म्हणतात ते. गिरजाताई म्हणायच्या आणि त्यांचं ऐकून तुझ्या बाबांनी बेंजोवर बसवलं. मी या घरात आले तेव्हा त्या जाऊन दोन पावसाळे झाले होते. संध्याकाळी ते वाजवायला बसले की मी भांडी घासायची थांबायचे, आवाज होऊ नये म्हणून. आत मात्र कधी गेले नाही. ती बैठक माझी नव्हती.

भाऊजी म्हणतात, लहानपणी तू बाबांच्या डाव्या बाजूला बसून त्या कळा दाबायचीस. म्हणून विचारते. तुला आठवतं का गं, बोट कुठून कुठे जातं? मला शिकायचं आहे. माझ्यासाठी नको असेल तर त्यांच्यासाठी सांग.

उर्वशीबाई


सिंदेवाही
४ सप्टेंबर २०२४

रिंकू,

तू पाठवलेला आवाज काकांच्या फोनवर आला. त्यांनी तो बांधीच्या पाळीवर उभं राहून ऐकला आणि तसेच चिखलाच्या पायांनी घरी आले. "वहिनी, रिंकूनं गाऊन पाठवलं वो!" एवढंच बोलले आणि फोन माझ्या हातात देऊन डोळे पुसत विहिरीकडे गेले.

तुझा आवाज असा आहे हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी तुझं "हं" तेवढं ऐकलं होतं. गाऊन झाल्यावर तू एकेका कळेचं नाव सांगितलंस, दुसऱ्यांदा आणखी सावकाश सांगितलंस. तू माझ्यावर एवढा वेळ घालवलास. मी ते ऐकते आणि मग बराच वेळ काही काम करवत नाही.

आता माझी प्रगती सांगते, हसू नकोस. सा आणि रे जमले. त्याच्यापुढचा ग खाली उतरलेला, कोमल. तोही जमला. पण तिथून पुढचा म उलट वर चढलेला, तीव्र. या दोघांच्या मधे केवढी मोकळी जागा आहे! नाला ओलांडायला दगड टाकलेले असावेत आणि मधला एक दगड पुरात वाहून गेलेला असावा, तसं होतं. माझं बोट दर वेळी त्या हरवलेल्या दगडावर पडायचं, साध्या म वर. आपल्या मंडळाची सगळी भजनं त्या साध्या म वरूनच जातात ना, कानाला तीच वाट ठाऊक. पुढे प आणि ध नेहमीचे, आणि नी पुन्हा उतरलेला. म्हणजे सप्तक ओळखीचं वाटतं न वाटतं तोच अनोळखी होतं.

घरी सराव करता येत नाही. चुकीचा सूर लागला की ते भिंतीकडे तोंड करतात. म्हणून बेंजो माझ्या अंगणवाडीत नेते. मुलं घरी गेली की खिचडीचं पातेलं घासून ठेवायचं आणि बसायचं. उजव्या हाताने मी कशीबशी नखी मारते, पण खरं काम डाव्या हाताचं. कळांची नावं लक्षात राहीनात, तेव्हा मी मुलांच्या अंकमोजणीलाच ही चाल लावली. एक सा वर, दोन रे वर, तीन त्या उतरलेल्या ग वर. मुलांना उडी फार आवडली. "चार" म्हणताना सगळी टाचा वर करतात. आता ती दुसऱ्या कुठल्या चालीत अंक म्हणतच नाहीत. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत दारोदार फिरताना गल्लीभर हेच चाललं होतं. आमच्या पर्यवेक्षिका बाई आल्या, ऐकलं आणि मला विचारलं, "मॅडम, ही मुलं मोजून राह्यली का रडून राह्यली?" आणि एकीची आजी मला सांगत होती, "बाई, माही नात इतके गोड अंक मोजते, मले माहेराची याद येते."

ती आजी सिरोंच्याकडची, प्राणहितेच्या काठची आहे. म्हणजे सूर बरोबर लागत असावा.

काल मी बेंजो घरी आणला. त्यांच्या डाव्या बाजूला, तुझ्या जागेवर बसले. बसण्याआधी मनात तुझी परवानगी मागितली. मी दाबत गेले, ते नखी मारत गेले. एका वाद्यावर दोन माणसं. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता. ग पर्यंत आले, उडी मारली, म वर उतरले, आणि त्यांचा हात थांबला.

"चुकलं का?" मी विचारलं.

"चुकलं नाई."

"मंग?"

"बरोबर हाय. पण ते नाई."

मी अजून शिकतेच आहे, त्यामुळे असं व्हायचंच. तू मला शिकवते आहेस यातच मला सणासारखं वाटतं.

उर्वशीबाई


सिंदेवाही
६ ऑक्टोबर २०२४

रिंकू,

मागच्या पत्रात मी जरा जास्तच आनंदाने लिहिलं. आज खरं लिहिते.

मला आता ते सगळं येतं. डोळे मिटून येतं. बोट हरवलेल्या दगडावर पडत नाही. तुझ्या आवाजाबरोबर मी वाजवून पाहिलं, कळ न कळ जुळते. तरी तुझं गाणं ऐकलं की माझं वाजवणं शाळेच्या प्रार्थनेसारखं वाटतं. मी धरून चालले होते की तुझा गळा आहे, माझी लोखंडी कळ आहे, एवढा फरक राहणारच.

पण त्यांना तो फरक चालत नाही. रोज बसतो. रोज म वर येऊन त्यांचा हात थांबतो. मी हळू दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, नखं कापली, मधलं बोट सोडून तर्जनीने दाबलं. परवा ते कंटाळून म्हणाले, "राहू दे. माह्या बोटात होतं, बोटासंगं गेलं. तुह्या बोटात कुठून येईन?" रागाने म्हणाले असते तर मी भांडले असते. माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणाले.

आणि काल गुणवंतराव आले. तुला आठवत असतील, आपल्या भजन मंडळाची पेटी वाजवतात. आता तेच अध्यक्षही आहेत. त्यांनी दारातूनच ऐकलं आणि सुरू केलं, "वहिनी, काकड्यात हे नोका वाजवजा बरं. इठ्ठल रुसंन. हा सूर आपल्यातला नाई, तेलंग्याकडचा वारा लागला याले."

मी म्हटलं, "वारा लागला तं तुमी टोपी घाला, भाऊ."

ते हसले. तुझे बाबा हसले नाहीत. म्हणाले, "गुणवंतराव, कोजागिरीले काकडा सुरू होते. त्या दिवशी हा बेंजो घेऊन जाजा. निकेशले देजा. आर्केस्ट्रात कॅसिओ वाजवते तो, शिकून घेईन."

गुणवंतरावांचा चेहरा पडला. "आदेशभाऊ, मी मस्करी करून राह्यलो होतो."

"मी नाई करून राह्यलो," ते म्हणाले.

रिंकू, बेंजो गेला तर मंडळातच जाईल, चार घरं सोडून. ते मला चालेल. पण त्यांनी दवाखान्यातून आल्यावर एवढी एकच गोष्ट मागितली होती. ती गेली की ते दुसरं काही मागणार नाहीत, हे मला कळतं. कोजागिरीनंतर ते सगळं मऊ भातासारखं गिळत राहतील.

मी कुठे कमी पडते ते तुला कळेल का? वाद्यात तर दोष नाही. ते दवाखान्यात होते तेव्हा अंकुशभाऊजींनी चंद्रपूरला नेऊन बेंजो दुरुस्त करून आणला, भावाला बरं वाटावं म्हणून. नव्या तारा बसवल्या, गंज काढला, आतले वाकडेतिकडे तुकडे सगळे सरळ करून घेतले. इतका धडधाकट तो कधीच नव्हता. म्हणजे दोष माझ्या बोटातच आहे. तू एकदा ऐकशील का? मी बेंजो घेऊन भद्रावतीला येते. तुझ्या घरात येणार नाही, कॉलनीच्या फाटकाशी बसेन. तू ऐक आणि सांग.

उर्वशीबाई


सिंदेवाही
१३ ऑक्टोबर २०२४

रिंकू,

फोनची घंटी वाजली तेव्हा मी खिचडी वाढत होते. तुझं नाव दिसलं आणि पळी पातेल्यात पडली. तू "हं" म्हणाली नाहीस. तू ओरडलीसच, "बाई, काकानं ते सरळ केलं? काऊन केलं त्याईनं सरळ?"

तू जे सांगितलंस ते मी इथे पुन्हा लिहिते. ऐकताना माझे कान इतके गरम झाले होते की नीट ऐकलं की नाही याची मला खात्री नाही. चुकलं असेल तर सांग.

तू पाच-सहा वर्षांची होतीस. बाबा त्या गाण्यामागे लागले होते आणि त्यांना ते येत नव्हतं. गिरजाताई चुलीपाशी बसून म्हणायच्या, ते वाजवायचे, आणि दर वेळी त्या मान हलवायच्या. कारण त्यांचा तो सूर कळांमधे नव्हताच. साधा म त्याच्या खाली होता, तीव्र म त्याच्या वर, आणि तो मधेच कुठेतरी, तीव्राच्या जरा अलीकडे. बाबा म्हणायचे, "बेंजोत आहे तेवढंच वाजंल. तू आपलं गाणं बदलव." मग एक दिवस ते बांधीत गेले असताना गिरजाताईंनी पक्कड घेतली, झाकण काढलं आणि त्या कळेच्या पोटातला लोखंडी तुकडा डावीकडे वाकवला. थोडा वाकवायचा, कळ दाबायची, आपल्या गळ्याशी लावून बघायचं, पुन्हा थोडा. जाळ्याची गाठ ओढतात तशा धीराने. तुला म्हणाल्या, "बाबाले सांगशील तं पाय, तुलेच जाळ्यात बांधीन."

संध्याकाळी बाबा आले, बसले, वाजवलं आणि उठून नाचायला लागले. "गिरजा, आज बोट लागलं! लागलं का नाई?" आणि तुम्ही मायलेकी आत तोंडाला पदर लावून हसत होतात.

एवढं सगळं सांगितलंस. मग म्हणालीस, "आईचं अन् माहं ते एकच गुपित होतं, बाई. अजूनपर्यंत कोणाले नाई सांगितलं." ते तू मला सांगितलंस. त्याबद्दल मी काय लिहू? काही लिहीत नाही. ते नीट ठेवते.

पुढचं तुला अर्धंच माहीत आहे, तुला नुसता आवाज येत होता म्हणून. मी झिंगूच्या सायकल दुकानात पक्कड मागायला गेले. तो म्हणाला, "बाई, अंगणवाडीत कोणाचे दात काढून राह्यल्या का?" मी पक्कड घेतली आणि निघाले. फोन बाकावर ठेवला, झाकण उघडलं. तुकडा अगदी सरळ, नव्यासारखा चमकत होता. त्याला वाकवायला मी दोनदा पक्कड लावली आणि दोनदा काढली. चांगली वस्तू बिघडवायची सवय नाही ना. तू पलीकडून म्हणत होतीस, "अजून. अजून थोडं. नाई, जास्त झालं, मागं घ्या." मी कळ दाबायची, तार छेडायची, थांबायची. मग एकदा छेडली आणि तू काही बोललीच नाहीस.

मला वाटलं फोन कटला. मग तुझा श्वास ऐकू आला. आणि तू म्हणालीस, "थांबा बाई. हात नोका लावू आता. आई हाय ते."

मी पक्कड खाली ठेवली. मी एकदा हळूच कळ दाबून पुन्हा छेडली, आणि तो सूर मला पहिल्यांदा समोरून ऐकू आला. इतकी वर्षं मी तो भांडी हातात धरून ऐकला होता.

फोन ठेवण्याआधी तू मला एक अट घातलीस. "बाबाले नोका सांगू. त्याईले वाटते का त्याईचं बोट गोड होतं. बोट तं गेलं. आता ते गोडही काऊन घ्यायचं त्याईच्यापासून?" मी हो म्हटलं. तू त्यांच्यावर इतकं प्रेम करतेस आणि भद्रावतीहून इथपर्यंत येत नाहीस, या दोन्ही गोष्टी मी आता एकत्र समजू शकते. तुझ्या आईच्या ओसरीत दुसरी बाई चहा गाळताना बघणं मलाही जमलं नसतं.

संध्याकाळी आम्ही बसलो. सा, रे, ग. उडी. म.

त्यांचा हात थांबला नाही.

ते पुढे गेले, मला ओढत घेऊन गेले, पार शेवटपर्यंत. पुन्हा पहिल्यापासून. शेजारची कुसुम दारात येऊन उभी राहिली, तिला त्यांनी पाहिलंही नाही. थांबले तेव्हा धाप लागली होती. माझा डावा हात आपल्या उजव्या हातात घेतला, मधलं बोट धरलं आणि म्हणाले, "उतरलं. माह्या बोटातलं तुह्या बोटात उतरलं, उर्वशी. मले वाटलं नव्हतं."

रिंकू, मी तुझ्या अटीला जागले. गप्प राहिले. पण रात्रीचा स्वयंपाक करताना ते बोट मला जड झालं होतं. गिरजाताईंचं मी पुष्कळ वापरते. त्यांचं जातं, त्यांचा तुळशीचा ओटा, त्यांनी लावलेलं सीताफळ. ते सगळं त्यांनी ठेवलं आणि मला मिळालं, मी रोज मनातल्या मनात आभार मानते आणि वापरते. पण हे मी केलेलं नाही, आणि तुझे बाबा माझ्या बोटाचे गोडवे सगळ्या मोहल्ल्याला सांगत आहेत. अंकुशभाऊजींना दोनदा सांगितलं. हा मान मला घेता येत नाही. त्या बाईने पक्कड धरून मिळवला आहे तो.

मी तुझं वचन मोडणार नाही. फक्त विचारते, मला त्यातून सोडशील का? तू नाही म्हणालीस तर मी गप्प राहीन, आणि बोटाचं कौतुक ऐकून घेईन.

कोजागिरी तीन दिवसांवर आहे. बेंजो न्यायला गुणवंतराव येतील. मी सांगितलं आणि तुझी भीती खरी ठरली, तर ते तो देऊनही टाकतील. हे सगळं धरून तू ठरव.

उर्वशीबाई


सिंदेवाही
१८ ऑक्टोबर २०२४

रिंकू,

पत्र पोचल्याबरोबर तू मला लिहिलंस, "सांगा. पण हळू सांगा." मी ते फोनवर वाचलं आणि फोन पदराने पुसून ठेवला, उगाचच.

हळू कसं सांगायचं ते मला कळेना. शेवटी मी कोजागिरीच्या दुपारी बेंजोचं झाकण काढलं आणि त्यांचा उजवा हात धरून अंगठा त्या तुकड्यावर ठेवला. म्हटलं, "हे वाकडं लागते का?"

"लागते. अंकुशनं तं सरळ करून आणलं म्हणे."

"मी वाकवलं. रिंकूनं फोनवर सांगितलं तसं. अन् पहिल्यांदा गिरजाताईनं वाकवलं होतं. तुमी बांधीत गेले होते तवा."

मी सगळं सांगितलं. पक्कड, चूल, तोंडाला लावलेला पदर. तू जाळ्यात बांधली जाणार होतीस तेही. त्यांचा अंगठा तिथेच होता. तो त्या वाकलेल्या लोखंडावरून मागे-पुढे फिरत होता. चेहऱ्यावरून मला काही कळत नव्हतं. माझ्या मनात आलं, घेतलं मी त्यांच्यापासून. तू सावध केलं होतंस तरी मी घेतलं.

मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. ते हसत होते गं! डोळ्यांतून पाणी आणि तोंडाने हसू. "अशी चोट्टी बाई! अन् मी अख्ख्या गावाले बोट दाखवत फिरलो! तिच्यासमोर दाखवलं! ती म्हणे, हो, लय गोड हाय तुमचं बोट!"

मीही हसले. किती दिवसांनी या घरात दोन माणसं एकाच वेळी हसली असतील. मग ते एकदम थांबले. आपला डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर घेतला, त्याचं मधलं बोट सरळ केलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हंजे यात काईच नव्हतं."

"असं काऊन म्हणता?" मी म्हटलं.

"अवो, बरं झालं नं! यात काई नव्हतं, म्हून हा गेला तरी काईच नाई गेलं. ते तं इथी हाय." आणि बेंजोवर थाप मारली. "मी चार महिने कायले मयत धरून बसलो?"

रिंकू, तू त्यांच्यासाठी ते गुपित एवढं जपलंस, ते दुखेल म्हणून. दुखलं नाही. त्यांच्या ते पथ्यावरच पडलं. तुला हे आधी कळावं म्हणून मी काल रात्रीच लिहायला बसणार होते, पण त्यांनी वाजवायला बसवलं.

गुणवंतराव निकेशला घेऊन आले होते. बेंजोला गुंडाळायला सोबत चादरही आणली होती बिचाऱ्यांनी. तुझे बाबा म्हणाले, "निकेशले म्हणा, तू आपला कॅसिओच वाजव बापा. आमी दोघं येतो." आणि भाताचं विचारलं. "उर्वशी, सकाळचा भात काऊन इतका गिचका झाला होता? जनावराले वाढते का मले?" दोन पाहुण्यांसमोर! मी इतकी खूश झाले की उलट बोलायचंच विसरले.

आज पहाटे काकड्याला गेलो. अंकुशभाऊजींनी तुझ्या बाबांसाठी खुर्ची नेली. मी त्यांच्या डावीकडे सतरंजीवर गुडघ्यांवर उंच होऊन बसले, म्हणजे कळांपर्यंत हात जाईल. मंडळात बाई बसत नाही, पण कोणी काही म्हटलं नाही. आरतीनंतर जरा शांतता होते, तेव्हा त्यांनी कोणाला न विचारता ते गाणं धरलं. समोर बसलेल्या बायका कुजबुजायच्या थांबल्या. संपल्यावर गुणवंतरावांनी पेटीवर तो सूर शोधला. साधा म दाबला, तीव्र दाबला, दोन्ही एकत्र दाबून पाहिले. त्यांच्या पेटीत तो नव्हता. चिडून म्हणाले, "आदेशभाऊ, हा कोणाचा सूर काढून राह्यले बापा तुमी?"

सगळ्या देवळाला ऐकू जाईल असं तुझे बाबा बोलले. "सूर गिरजाचा हाय. रिंकूनं सांभाळला. हिनं दाबला. मी नुसता हमाल."

आणि हमालाने पुढचं भजन धरलं.

तुझी
उर्वशीबाई